भिंत धुताना : पाण्याचा जोर की रसायन?



अश्दोदच्या एका वाचक भगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांच्या इमारतीची बाहेरची बाजू धुऊन काढावयाची आहे आणि त्यावरून घरसमितीच्या सभेत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, यंत्राने पाण्याचा जोरदार फवारा मारावा, रसायनाला मुळी हातच लावू नये. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, पाण्याने धूळ तेवढी जाईल, डाग जागच्या जागी राहतील, आणि पैसे मात्र खर्च होतील. भगिनी लिहितात, "तुम्ही जुफैरला राहता. तेथे उंच इमारतीही पुष्कळ आणि धूळही पुष्कळ. तेथील लोक काय करतात ते स्तंभातून कळवावे."

प्रश्न मोलाचा आहे. ज्या इमारतीत बसून आम्ही हे लिहीत आहोत, तिच्यापुढेही सध्या हाच प्रश्न आहे. त्यामुळे गेले काही आठवडे आम्ही येताजाता भिंतींकडे पाहत चालतो. आमच्या वर्गातील मुलांच्या हे लक्षात आले असून त्यांना त्याची गंमत वाटते.

जुफैर म्हणजे बहरीनची राजधानी मनामा हिचा आग्नेयेकडील भाग. यातील बरीचशी जमीन समुद्रात भराव घालून मिळविलेली आहे, आणि तिच्यावर पंधरा-पंधरा, वीस-वीस मजल्यांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. पाऊस येथे नावालाच. वर्षाकाठी सरासरी ७० ते ८० मिलिमीटर. आपल्या कोकणात आषाढातील एका दुपारी इतका पाऊस पडून जातो. कोकणात भिंती धुण्याचे जे काम आभाळ फुकट करते, ते येथे दाम मोजून करवून घ्यावे लागते. वायव्येकडून 'शमाल' नावाचा वारा सुटला की आकाश पिवळट होते आणि बंद कपाटातील वह्यांच्या पानांतही धूळ सापडते. उन्हाळ्यात रात्री हवेत इतका ओलावा असतो की सकाळी खिडकीच्या काचा बाहेरून घामेजलेल्या दिसतात. धुळीवर दव पडते, दवावर ऊन पडते, पुन्हा धूळ बसते. असे होता होता भिंतीवर जो थर चढतो, तो झाडणीने झटकून निघत नाही. त्यात समुद्राच्या वाऱ्याने आणलेले मीठ मिसळलेले असते. वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली काळे-हिरवे ओघळ धरतात ते वेगळेच.

अध्यापक विद्यालयात शिकत असताना पाठटाचणाचा पहिला नियम आमच्याकडून घोटून घेतला होता. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. म्हणून भिंत क्षणभर बाजूला ठेवून आपण आजीच्या मोरीवर जाऊ. तेथे तीन वस्तू हमखास असत. नारळाचा काथ्या, चुलीतील राख आणि चिंच. काथ्या म्हणजे निव्वळ जोर. राख म्हणजे क्षार. तेलाशी मिळून ती त्याचा एक प्रकारचा साबण करते आणि मग चिकटा पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या पूर्वजांनी कोकणात पिढ्यान् पिढ्या घाणा चालविला, 'शनवार तेली' हे नाव त्यावरूनच पडले. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही हे त्यांना कोणी शाळेत शिकविले नव्हते. तिसरी चिंच. ती आंबट, म्हणजे आम्ल. पितळेवर चढलेली काळिमा ती विरघळवते. परंतु तेलकट कढईला चिंच चोळून काही लाभ नाही. आणि त्याच चिंचेचा कोळ शहाबादी फरशीवर सांडून तसाच राहिला तर फरशीवर फिकट ठसा उमटतो, तो कितीही पुसला तरी जात नाही. जाणार कसा? तो डाग नव्हेच. शहाबादी फरशी चुनखडीची असते आणि आंबटाने तिची वरची कातडीच खाल्लेली असते.

अश्दोदच्या सभेतील वाद आम्हांस 'काथ्या बरा की चिंच बरी' अशा वादासारखा वाटतो. भांडे कशाचे आणि त्याला लागलेले काय, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

आता प्रथम जोराचे पाहू. घरच्या नळाच्या पाण्याचा दाब साधारणपणे ३ ते ४ बार, म्हणजे चौरस इंचास ४५ ते ६० पौंड असतो. मोटार धुण्याचे घरगुती यंत्र १०० ते १५० बारपर्यंत जाते. ठेकेदार आणतात ती यंत्रे २०० बार किंवा त्याहून अधिक, म्हणजे चौरस इंचास ३००० पौंडांच्या घरातील असतात. एवढ्या जोराने सुटलेली बारीक धार लाकडात खोबण पाडते, आणि माणसाच्या हातावर आली तर कातडी भेदून आत शिरते. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसते, पण ती तत्काळ इस्पितळात दाखवावी लागते.

परंतु कागदावरचा हा आकडा यंत्राचा असतो, भिंतीचा नव्हे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. नळीच्या टोकाला जे तोंड लावतात त्यावर पुष्कळ अवलंबून असते. तांबडे तोंड शून्य अंशाचे, म्हणजे सरळ सुईसारखी धार. पिवळे १५ अंशांचे, हिरवे २५ अंशांचे, पांढरे ४० अंशांचे. पाणी पंख्यासारखे पसरते आणि त्याचा मारा विभागला जातो. तेच यंत्र, तोच दाब, पण पांढरे तोंड लावून दोन हातांवरून फवारा मारला तर रंगसुद्धा निघत नाही, आणि पिवळे तोंड वीतभर अंतरावर आणले तर गिलावा सोलून निघतो. म्हणून 'दाब किती' एवढे विचारून भागत नाही. तोंड कोणते, अंतर किती, आणि नळी धरणारा हात एका जागी किती वेळ थांबतो, हे तिन्ही विचारावे लागते. सुटलेला मळ वाहून नेण्याचे काम तर दाबापेक्षा पाण्याचे प्रमाणच अधिक करते. मिनिटास किती लिटर, हा प्रश्न आम्ही तरी कोणा गृहस्थाला ठेकेदारास विचारताना ऐकलेला नाही.

नुसत्या जोराने उत्तम काम होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेत माऊंट रशमोर येथे डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांची प्रचंड मुखे कोरलेली आहेत. २००५ साली केर्शर या जर्मन कंपनीने ती दाबाच्या पाण्याने धुऊन दिली, रसायन न वापरता. पण ते मुख ग्रॅनाइटचे, आणि त्यावरचा मळ मुख्यतः दगडफूल आणि शेवाळ. दोन्ही गोष्टी पाण्याला अनुकूल. उलट विटांच्या भिंतींचे पाहा. भट्टीत वीट भाजली जाते तेव्हा तिच्या बाह्य भागाला एक कठीण कवच येते. गेल्या शतकात अमेरिकेत जुन्या इमारती वाळूच्या माऱ्याने 'स्वच्छ' करण्याची टूम निघाली होती. कवच गेले, आतील मऊ वीट उघडी पडली, ती पाणी पिऊ लागली आणि झिजू लागली. शेवटी तेथील राष्ट्रीय उद्यान खात्याला १९७९ साली या विषयावर स्वतंत्र पुस्तिका काढून लोकांना सावध करावे लागले. अतिशय जोराच्या पाण्याबद्दलही तोच इशारा लागू पडतो.

आता रसायनाकडे वळू, कारण जुफैरमधील खरी गोम येथेच आहे.

बहरीनचे बेट मुळात चुनखडीच्या खडकाचे. आखाताच्या या भागात उडणाऱ्या धुळीतही चुनखडीचा अंश फार मोठा असतो. म्हणून ठेकेदार पाणी मिसळलेले हायड्रोक्लोरिक आम्ल, ज्याला बाजारात नुसते 'अ‍ॅसिड' म्हणतात आणि जे संडासात ओततात तेच, भिंतीवर मारतो तेव्हा फेस उठतो, मळ विरघळून खाली येतो आणि पाहणारा थक्क होतो. पण ज्या भिंतीवर तो मळ बसला आहे ती कशाची? सिमेंटच्या गिलाव्यात चुना आहे. संगमरवर म्हणजे चुनखडीच. येथील जुन्या घरांचा प्रवाळी दगड तोही तसाच. मळ आणि भिंत दोन्ही एकाच जातीची! आम्लाला कोण सांगणार की बाबा रे, येथपर्यंत मळ आहे, येथून पुढे घर आहे? ते दोघांनाही सारखेच खाते. मुंबईचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, आम्लाला पुष्कळ दाद देत नाही. म्हणून तिकडून आलेला एखादा अनुभवी माणूस तिकडचीच रीत येथे चालवू गेला तर घात होतो.

शंका असेल त्यांनी एक लहानसा प्रयोग करावा. आम्ही तो सहावीच्या वर्गात दरवर्षी करतो. अंड्याचे कवच व्हिनेगरमध्ये टाकावे. बुडबुडे येतात आणि दुसऱ्या दिवशी कवच नाहीसे होऊन नुसती पातळ कातडी राहते. आपल्या भिंतीच्या दगडाचा एखादा निखळलेला तुकडा मिळाल्यास त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावे. बुडबुडे उठले तर त्या भिंतीला कोणत्याही आम्लाचा स्पर्श होऊ देऊ नये.

याचा अर्थ रसायन वर्ज्य असा मात्र नव्हे. उपाहारगृहाच्या धुराड्याखाली तेलाचा थर धरतो, त्यावर थंड पाण्याचा कितीही मारा केला तरी तो नुसता इकडचा तिकडे पसरतो. तेथे क्षारयुक्त द्रव आणि गरम पाणी हवेच. आजीची राख ती हीच. वातानुकूलन यंत्राखालचे काळे-हिरवे ओघळ सजीव असतात. नुसत्या जोराने वरचा भाग निघतो, मूळ छिद्रांत राहते आणि काही महिन्यांत ओघळ परत येतात. तेथे सौम्य जंतुनाशक लावून, थोडा वेळ थांबून, मग हलक्या पाण्याने धुणे बरे. परंतु क्षार अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही. कॉस्टिक सोड्याने खिडक्यांच्या चौकटी पांढुरक्या पडतात आणि ती चमक परत येत नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड तर एका बादलीत कदापि येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. घरातील मोरी धुतानाही आमच्या भगिनींनी हे विसरू नये.

एका इमारतीत एकच वस्तू असते तर कामही सोपे झाले असते. जुफैरच्या रहिवाशांना रोज दिसणारे उदाहरण म्हणजे १९८८ साली उघडलेली अल-फातेह मशीद. तिचा भव्य घुमट फायबरग्लासचा, वजन साठ टनांहून अधिक. फरशीचा संगमरवर इटलीचा. दरवाज्यांचे सागवान आपल्या हिंदुस्थानचे. काचतंतू, चुनखडीचा दगड आणि लाकूड यांना एकाच बादलीतून कोण धुवील? साध्या राहत्या इमारतीतही काच, अ‍ॅल्युमिनियम, रंगवलेला गिलावा, पायथ्याशी ग्रॅनाइट आणि प्रवेशद्वारी संगमरवर अशी पाच तऱ्हेची भिंत असते. तिच्यासाठी 'संपूर्ण इमारत, एक दर, एक पद्धत' असे लिहून देणाऱ्या ठेकेदाराचा कागद आम्ही तरी बाजूला ठेवू.

येथवरचे सारे बऱ्यावाईट हातकामाचे झाले. मिठाची गोष्ट त्याहून खोल आहे. कोकणात जुन्या घराच्या जोत्याशी भिंतीला लोणा धरतो तो सर्वांनी पाहिला असेल. पांढरी पूड येते आणि बोट लावताच गिलावा भुसासारखा गळतो. ओलावा भिंतीत चढतो, मीठ विरघळवून बरोबर नेतो, आणि पाणी उडून गेले की मिठाचे स्फटिक आत वाढू लागतात. त्यांच्या वाढण्याने दगडही फुटतो. बहरीनमध्ये हा रोग इतका व्यापक आहे की १९७०च्या दशकाच्या मध्यास ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी बेटाचे सर्वेक्षण केले तेव्हा जमिनीतील क्षार आणि त्यांनी इमारतींची होणारी हानी हा त्यांचा एक प्रमुख विषय होता. त्या कामावरील ग्रंथ १९८० साली निघाला. मुहर्रकमधील मोती व्यापाऱ्यांची जुनी घरे, ज्यांचा समावेश युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत केला, ती प्रवाळी दगडाची आणि जिप्समच्या गिलाव्याची आहेत. जिप्सम तर साध्या पाण्यातही थोडेथोडे विरघळते. लिटरमागे दोन ग्रॅमांहून अधिक. अशा भिंतीवर दाबाचे पाणी आणि आम्ल दोन्ही शत्रूच. तेथे मऊ कुंचल्याने कोरडी धूळ झाडणे, आणि मीठ ओढून काढण्यासाठी शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप देणे, एवढेच शहाणपणाचे. ताजमहालाच्या संगमरवरावर पुरातत्त्व खाते मुलतानी मातीचा लेप देते, तोही त्याच जातीचा उपाय. आपल्याकडील बायका चेहऱ्याला जे लावतात तेच मुमताजच्या कबरीला लावले जाते, ही गोष्ट आम्हांस फार आवडते.

आता कोणी म्हणेल, आमची इमारत काँक्रीटची, तिला काय होणार? आखातात काँक्रीटलाच फार होते. १९७०च्या दशकात तेलाच्या पैशाने येथे घाईघाईने बांधकामे झाली. खारट खडी, खारट वाळू, कधी मचूळ पाणी. मिठातील क्लोराइड आतील सळ्यांपर्यंत पोचले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून फुटते. दहा-पंधरा वर्षांतच इमारती जर्जर झाल्या, आणि १९८५ साली बहरीनच्या अभियंत्यांच्या संस्थेने याच दुखण्यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. आता विचार करावा. हायड्रोक्लोरिक आम्लातही क्लोराइडच आहे. ज्या काँक्रीटला बारीक चिरा आहेत, त्यावर ते मारून वरून २०० बारच्या जोराने पाणी सोडले, तर आपण स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या पैशाने ते सळईपर्यंत नेऊन पोचवितो. धुण्याचे पाणी टँकरने मचूळ विहिरीचे आणले तरी तोच परिणाम. येथील भूजल गेल्या काही दशकांत बरेच खारे झाले आहे. भिंत त्या दिवशी लखलखीत दिसते, हेच त्यातील मोठे फसवे आहे. छायाचित्र काढून ठेकेदार बिल घेऊन जातो, आणि सळई फुगते ती पाच-सात वर्षांनी, जेव्हा त्या ठेकेदाराचा पत्ताही कोणास ठाऊक नसतो.

आमच्या शेजारच्या गल्लीतील एका इमारतीचे गेल्या वर्षी असेच झाले. धुणाऱ्यांनी कोणते द्रव आणले होते ते त्यांच्या माणसांनाही माहीत नव्हते. पिंपावर चिठ्ठी नव्हती. आठ दिवसांत इमारत पांढरीशुभ्र. मग तिसऱ्या मजल्यावरील कुटुंबास दिसले की खिडक्यांच्या काचा कितीही पुसल्या तरी दुधाळ राहतात. दगड-विटा साफ करण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असते, आणि काच खाणारे आम्ल म्हणून ते प्रसिद्धच आहे. काचेचे एक वेळ सोडा. हे आम्ल अंगावर उडाले तर पुष्कळदा लगेच आगही होत नाही. ते आत उतरते, शरीरातील कॅल्शियम पकडते, आणि काही तासांनी असह्य वेदना सुरू होतात. प्रमाण अधिक असल्यास माणूस दगावतो. ताबडतोब पाण्याने धुऊन कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम लावणे आणि इस्पितळ गाठणे हाच मार्ग. जो मुलगा पाळण्यात बसून पंधराव्या मजल्यावर लोंबकळतो आहे, त्याला पिंपात काय आहे हे सांगितलेले नसेल, तर ते मलम त्याच्या खिशात कोठून असणार?

आमच्या इमारतीच्या व्यवस्थापकांनी यंदा दोन ठेकेदारांचे दर मागविले. पहिल्याचा दर निम्मा आणि पद्धत एका ओळीत लिहिलेली : अ‍ॅसिड वॉश. दुसऱ्याचा देखरेख करणारा माणूस पाहणीसाठी आला तो महाडचा निघाला. आम्ही पत्नीशी मराठीत बोलत होतो ते ऐकून तो जिन्यातच थांबला.

"सर, तुम्ही आपल्याकडचे?"

"अलिबागकडचे. तुम्ही?"

"महाडचा. बारा वर्षं झाली इथं." मग भिंतीकडे पाहून म्हणाला, "सर, लोकांना वाटतं जोर लावला की काम झालं. निम्मा मळ तर कोरडाच झाडून निघतो. आधी पाणी मारलं की त्याचा चिखल होतो नि खालच्या मजल्यावर उतरतो."

आम्ही विचारले, "मग रसायन वापरता की नाही?"

"वापरतो ना. पण आधी भिंत साध्या पाण्यानं भरपूर भिजवायची. तहानलेली भिंत औषध पिऊन टाकते. आणि औषध खालून वर लावायचं, धुवायचं मात्र वरून खाली. वरून लावलं तर ओघळ जातात, त्यांचे पट्टे मग जन्मात निघत नाहीत."

आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात इतके नेटके पाठटाचण फार थोड्या वेळा पाहण्यात आले. आम्ही व्यवस्थापकांस विनंती केली की मागच्या बाजूस, जेथे कोणाची नजर जात नाही, तेथे दोन-दोन हात जागेवर नमुना करून पाहावा, आणि निर्णय त्याच दिवशी न घेता भिंत पूर्ण वाळू द्यावी. त्यांनी मान्य केले. चार चौकोन केले. एक नुसत्या हलक्या पाण्याचा, एक कोरडे झाडून मग सौम्य साबणाचा, एक मोठ्या जोराचा, एक आम्लाचा. पहिल्या संध्याकाळी आम्लाचा चौकोन सर्वांत उजळ होता आणि बघ्यांची मते त्याच्याच बाजूने होती. तीन आठवड्यांनी त्याच चौकोनावर पांढरी पूड उमटली आणि बोट फिरविल्यास वाळू हाती येऊ लागली. मोठ्या जोराच्या चौकोनात रंगाला केसाएवढ्या चिरा दिसल्या, आणि आतल्या खोलीत खिडकीच्या कडेशी ओल. झाडून सौम्य साबणाने धुतलेला चौकोन फार चकचकीत नव्हता. पण तो जसाच्या तसा होता. नुसत्या पाण्याच्या चौकोनात ओघळ शिल्लक राहिले, बाकी ठीक.

दुसऱ्या ठेकेदाराचा दर अधिक आहे हे खरे. त्यात माणसांचे हातमोजे, चेहऱ्यावरील ढाल, दोर तपासण्याचा खर्च हे वेगळे लिहिलेले आहे. पहिल्याच्या कागदात या गोष्टींचा उल्लेखच नव्हता. स्वस्ताईतील पुष्कळशी बचत कोणाच्या अंगावरून काढलेली असते, हे अशा दोन कागदांवरून उघड दिसते. आमच्या इमारतीच्या जमाखर्चाच्या चर्चेत एका भाडेकरूंनी "आपल्याला त्याचे काय?" असा प्रश्न केला. आम्ही उत्तरादाखल पिंपात काय असते तेवढेच सांगितले.

अश्दोदच्या भगिनींनी आपल्या समितीपुढे म्हणून इतके ठेवावे. समुद्राकाठची इमारत, म्हणजे मीठ हा मुख्य मळ. ते गोड्या पाण्याने, हलक्या जोराने, पण दर वर्षा-दोन वर्षांनी धुणे हे दहा वर्षांतून एकदा आम्लाने खरवडण्यापेक्षा बरे. धुण्याआधी खिडक्यांच्या कडा आणि भिंतीच्या चिरा बुजवून घ्याव्या, नाहीतर घरात पाणी येईल. सळई दिसत असेल किंवा तांबूस ओघळ येत असतील तर आधी अभियंत्यास दाखवावे, धुणे मागाहून. बैरशेबा-दिमोनाकडील वाचकांचा मळ मुख्यतः माती. तेथे कोरडी झाडणी हेच अर्धे काम. जेरुसलेममध्ये ज्यांची घरे आहेत त्यांच्या भिंतीला १९१८ साली गव्हर्नर स्टॉर्स यांनी घालून दिलेल्या दंडकापासून चालत आलेला दगड असतो, आणि तो चुनखडीचा. तेथे मिठाच्या आम्लाची बाटली कोणी घेऊन आलाच, तर त्याला अंड्याच्या कवचाचा प्रयोग दाखवावा.

आमच्या इमारतीचे काम नोव्हेंबरात ठरले आहे. बहरीनमध्ये उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करविण्यास मनाई आहे. पूर्वी ती जुलै-ऑगस्ट या दोन महिन्यांपुरती होती, २०२५ पासून १५ जून ते १५ सप्टेंबर अशी तीन महिन्यांची झाली. पण महाडकर म्हणाले की सप्टेंबरातही भिंत इतकी तापलेली असते की साबण धुण्यापूर्वीच वाळून चिकटतो. म्हणून नोव्हेंबर, आणि तोही सावली पाहून. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. आठव्या मजल्यावरच्या बाईंना वाळत घातलेले कपडे त्या आठवड्यात आत घ्यावेत असे आधीच कळविले आहे.